गाडीत बदल केले, आता गाडी त्रास देते: दोष शोधण्याची गॅरेजमधली पद्धत

"काहीच करं नही भो, फक्त लाइट लाया." चोपडा-यावल रस्त्यावरच्या माझ्या गॅरेजात ढकलत आणलेल्या मोटारसायकलची हकिकत बऱ्याचदा याच वाक्याने सुरू होते. पोरगा खोटं बोलत नसतो. त्याच्या हिशेबाने लाइट लावणं म्हणजे दोन वायरी जोडणं. गाडी बंद पडते दोन महिन्यांनी, तोवर तो लाइट विसरून गेलेला असतो. मग प्लग बदला, बॅटरी बदला, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदला असं सुरू होतं आणि खिसा रिकामा होतो.

या बदलांना मी नावं ठेवत नाही. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असली की केळीला पाणी भरायला रात्री बारालाही बागेत जावं लागतं, आणि शिवाररस्त्यावर रानडुक्कर कुठून आडवं येईल सांगता येत नाही. दूधवाल्याला किटल्या टांगायला मागे कॅरिअर लागतंच. गरज खरी आहे. बदल करण्याची पद्धत मात्र चुकते, आणि बिघाड शोधण्याची पद्धत तर त्याहून जास्त चुकते. घरी एक मल्टिमीटर आणि पान्यांचा सेट असेल तर यातली बरीचशी तपासणी तुम्ही स्वतः करू शकता.

पान्याआधी वही

गाडीत कंपनीतून आल्यानंतर काय काय बदललं, ते सगळं लिहून काढा. मोबाइल चार्जर, अलार्म, दुसरा हॉर्न, हँडल, सायलेन्सर, मडगार्ड कापलेलं, सीट उसवून पुन्हा भरलेली, साइड स्टँडचा स्विच काढून टाकलेला, सगळं. प्रत्येकापुढे अंदाजे महिना लिहा: आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आधी की नंतर, पोळ्याला की दिवाळीला, एवढंही पुरतं. खाली त्रास कधीपासून सुरू झाला ते लिहा. गाडी जुनी विकत घेतली असेल तर सीट आणि टाकी उतरवून वायरिंग नीट बघा. कंपनीच्या वायरीवर एकसारखं आवरण असतं. मधेच वेगळ्या रंगाची टेप, पीळ देऊन जोडलेल्या वायरी किंवा नवा चकचकीत बोल्ट दिसला की तिथे कोणाचा तरी हात लागलेला आहे.

आता त्रास सुरू होण्याच्या लगेच आधीचा बदल पहिल्यांदा उलटवा. मूळ पार्ट परत बसवा किंवा जास्तीची वायर सोडवून तिचं टोक झाका, आणि गाडी चालवून बघा. एका वेळी एकच बदल उलटवायचा. तीन गोष्टी एकदम काढल्या आणि गाडी सुधारली, तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही, आणि तिन्ही पुन्हा बसवल्यावर तोच त्रास परत येईल. म्हणून काढलेला मूळ सायलेन्सर, फिल्टरचा डबा, जुनं हँडल भंगारात देऊ नका, माळ्यावर ठेवा.

माझ्याकडे आलेली एक गाडी डावीकडे वळताना बंद पडायची. सरळ रस्त्याला एकदम ठीक. तिचे प्लग, इग्निशन कॉइल आणि सीडीआय आधीच बदलून झाले होते. मालकाने चार महिन्यांपूर्वी रुंद हँडल टाकलं होतं, ते त्याने सांगितलंही नव्हतं, कारण हँडलाचा आणि इंजिनाचा काय संबंध? हेडलाइटच्या मागे वायरिंगचा गठ्ठा प्लास्टिकच्या टायने आवळून बांधलेला होता. हँडल डावीकडे गेलं की वायर ताणली जायची, आवरणाच्या आत तिची तार तुटलेली, बाहेरून काही दिसत नव्हतं. टाय कापून, तेवढा तुकडा नवा जोडून, वायरिंगला ढील देऊन काम झालं. नवे पार्ट सगळे फुकट गेले.

तेव्हापासून गाडी कोणत्याही कारणाने आली तरी मी आधी ही तपासणी करतो. गाडी डबल स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन मंद चालू. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. इंजिन अडखळलं किंवा बंद पडलं तर मानेजवळची, म्हणजे हँडल चेसीला जिथे बसतं तिथली, वायर दुखावलेली आहे. इंजिनाचा आवाज वाढला तर अ‍ॅक्सिलेटर केबल तोकडी पडते आहे. हे दुसरं जास्त धोक्याचं, कारण वळणावर गाडी आपोआप जोर घेते. नवं हँडल मूळच्यापेक्षा उंच किंवा रुंद असेल तर केबल लांब घ्यावीच लागते, आणि पुढे डिस्क ब्रेक असेल तर ऑइलचा होजही. टोकाला वळवल्यावर ताठ होणारा होज रस्त्यावर नेऊ नका.

बॅटरी: चार आकडे

निम्म्याहून जास्त त्रास वीजभाराचे असतात, म्हणून इथे घाई करू नका. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला.

पहिला आकडा सकाळी, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर. 12.6 किंवा वर असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 च्या आसपास म्हणजे अर्धी. 12 च्या खाली म्हणजे आधी बाहेरून चार्ज करा, नाहीतर पुढचे आकडे फसवतील.

दुसरा सेल्फ मारताना. आकडा क्षणभर खाली येणारच, पण साडेनऊ-दहाच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे किंवा तिचे टर्मिनल ढिले आहेत. टर्मिनल आधी बघा, ते फुकट आहे.

तिसरा इंजिन चालू करून, रेस थोडी वाढवून, जास्तीचे सगळे लाइट बंद ठेवून. 13.5 ते 14.5 यायला हवेत. आकडा 12.5 वरच बसून राहिला तर मॅग्नेट कॉइल (इंजिनासोबत वीज तयार करणारी), रेग्युलेटर (ते व्होल्टेज आवरणारा) किंवा त्यांचा कपलर (वायरींचा प्लास्टिकचा जोड) तपासायचा. कपलर तपकिरी झालेला किंवा वितळलेला दिसला तर दोष बहुधा तिथेच सापडेल. आकडा 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर गेलाय किंवा त्याचं अर्थिंग तुटलंय. अशी गाडी तशीच चालवली तर बॅटरी उकळते आणि बल्ब एकामागून एक उडतात.

चौथा आकडा तीच रेस धरून, जास्तीचे लाइट आणि हेडलाइट सगळं पेटवून. आकडा थोडा उतरला तर चालेल. 13 च्या खाली जाऊन तिथेच राहिला, तर तुमची गाडी जेवढी वीज तयार करते त्याहून तुम्ही जास्त खर्च करता आहात. बॅटरी कितीही नवी टाका, ती उतरणारच.

हिशेब सोपा आहे: वॉटला बाराने भागलं की अँपिअर. 20 वॉटचे दोन एलईडी म्हणजे 40 भागिले 12, सव्वातीन अँपिअरच्या आसपास. 55 वॉटचे दोन हॅलोजन म्हणजे नऊ अँपिअरच्या वर. साध्या शंभर सीसीच्या गाडीचा मूळ हॅलोजन बल्ब साधारण 35 वॉटचा असतो, तिची मॅग्नेट कॉइल त्या मापाची बनवलेली असते. शिवाय 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत पेटलेलाच राहतो, म्हणजे तो बंद ठेवून वीज वाचवायची सोयही नाही. लहान गाडीला लाइट लावायचेच असतील तर एलईडीच लावा, आणि त्यांची बीम खाली वळवा. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत ती गेली तर त्याला बांधाचा कठडा दिसत नाही.

भार झेपतो, तरी लाइट मंद

अशा वेळी वीज वाटेत गळते आहे. लाइट पेटवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरं थेट लाइटच्या प्लस वायरीवर ठेवा. इथे शून्याजवळचा आकडा हवा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आला तर वायर बारीक आहे, जोड खराब आहे किंवा स्विच खराब आहे. मग टोक बॅटरीकडे एकेक जोड मागे सरकवत न्या. आकडा जिथे एकदम कमी होतो, त्याच्या लगतचा जोड गुन्हेगार. हेच अर्थिंगच्या बाजूनेही करा: बॅटरीचं मायनस आणि लाइटचं मायनस. तिथे 0.2 च्या वर आलं तर चेसीवरचा रंग खरवडून अर्थिंग पुन्हा बांधा. रंगावर आवळलेली थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हा आपल्याकडचा फार मोठा रोग आहे.

जास्तीचा लाइट हेडलाइटच्या स्विचमधून ओढला असेल तर तो तिथून काढा. तो स्विच एका बल्बसाठी असतो. जादा भाराने त्याचे पॉइंट जळतात आणि एका रात्री मूळ हेडलाइटही जातो. त्यासाठी रिले लावायचा, म्हणजे छोट्या स्विचच्या इशाऱ्यावर मोठा भार चालू-बंद करणारा डबा. चार पायांच्या रिलेवर आकडे छापलेले असतात. 30 ला बॅटरीच्या प्लसवरून वायर आणा, आणि तिच्यात बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज टाका. 87 वरून वायर लाइटला जाईल. 85 अर्थिंगला. 86 ला तुमच्या छोट्या स्विचमधून चावीच्या लाइनची वायर, म्हणजे चावी बंद केली की लाइटही बंद. वरच्या 40 वॉटच्या एलईडीला 5 अँपिअरचा फ्यूज पुरतो. वायर दीड स्क्वेअर एमएमची घ्या.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा फ्यूज टाकू नका, आणि सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी पट्टी गुंडाळून तर कधीच नाही. फ्यूज उडतो म्हणजे बहुधा वायर कुठेतरी चेसीला घासून उघडी पडली आहे. टाकीच्या खाली, सीटच्या कडेला, मानेजवळ आणि कापलेल्या मडगार्डपाशी शोधा. मडगार्ड कापलं की टेललाइटची वायर लोंबते आणि खड्ड्यात गाडी दबली की टायर तिला चाटतो. हा फ्यूज फक्त खड्ड्यातच उडतो, हीच त्याची खूण.

एलईडी इंडिकेटर लावल्यावर ते भराभर उघडझाप करू लागले तर वायरिंगमध्ये दोष नाही. जुना फ्लॅशर बल्बच्या वजनदार भारावर चालतो, एलईडीचा हलका भार पाहून त्याला बल्ब उडाल्यासारखं वाटतं. एलईडीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर टाका, काम संपलं.

उभ्या गाडीत बॅटरी उतरते

चार दिवस लग्नाला गेलात, परत आल्यावर सेल्फ मेला. चावी बंद असतानाही कोणीतरी वीज खातंय. बॅटरीचं मायनस सोडवा. मल्टिमीटर 10 अँपिअरवर लावून (लाल वायर मीटरच्याही 10 अँपिअरच्या भोकात घालायची) एक टोक मायनस टर्मिनलला, दुसरं सोडलेल्या वायरीला लावा. असं जोडलेलं असताना चावी फिरवू नका आणि सेल्फ तर मुळीच मारू नका, मीटर जळेल. निरोगी गाडीत काही मिलीअँपिअरच दिसतात. 50 मिलीअँपिअरच्या वर दिसलं तर जास्तीची उपकरणं एकेक करून सोडवा आणि आकडा कधी पडतो ते बघा. मोबाइल चार्जर थेट बॅटरीला जोडलेला असणं हे नेहमीचं कारण, त्याखालोखाल अलार्म. 4 अँपिअर-अवरची बॅटरी 100 मिलीअँपिअरने 40 तासांत रिकामी होते. चार्जर चावीच्या लाइनवर घ्या.

बॅटरी सोडवताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस. पाना चेसीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. आणि बॅटरी काढून गाडी चालू ठेवायची जुनी सवय इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीत सोडा. बॅटरी नसली की व्होल्टेज उसळतं आणि कंट्रोल युनिट, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, जाऊ शकतं.

जोडांबद्दल एवढंच: मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 अंशांच्या घरात जातो, आणि इंजिनाजवळ तर त्याहून कितीतरी जास्त. काळ्या टेपचा गोंद त्यात पाघळतो, टेप सरकते, आणि पहिल्या पावसात उघड्या तांब्यावर हिरवा गंज चढतो. पीळ आणि टेप हा जोड नव्हे. थिंबल किंवा कनेक्टर क्रिंपिंगच्या पक्कडीने दाबा, वर हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवा.

सायलेन्सर आणि एअर फिल्टर

सायलेन्सर बदलला आणि रेस सोडल्यावर फट-फट आवाज येतो, पिकअप मरतो, इंजिन तापतं. पोरांना तो आवाज आवडतो, पण तो इंजिनाची तक्रार आहे. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी झालं आहे, किंवा बेंडच्या (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाइपच्या) जोडातून बाहेरची हवा आत शिरते आहे. दुसरं आधी तपासा. इंजिनाच्या तोंडाशी बेंड पाइपचं पॅकिंग असतं, सायलेन्सर काढला की ते नवंच टाकायचं, जुनं दबलेलं असतं. जोडाभोवती काजळीचे काळे ओघळ दिसले तर गळती नक्की.

मग कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं रबर बघा. जुन्या गाडीत ते उन्हाने तडकतं. इंजिन मंद चालू ठेवून त्या रबरावर बाटलीने पाण्याचा बारीक फवारा मारा. इंजिनाचा सूर बदलला तर तिथून हवा ओढली जाते आहे. पेट्रोल शिंपडून ही परीक्षा करणारे मी पाहिले आहेत. तापलेल्या इंजिनावर पेट्रोल म्हणजे आग, ते करू नका.

यानंतर प्लग काढून त्याचं टोक बघा. विटकरी किंवा फिकट तपकिरी म्हणजे ठीक. पांढरट, भाजल्यासारखा म्हणजे पेट्रोल कमी. काळा, काजळीने माखलेला म्हणजे पेट्रोल जास्त. पांढरा प्लग घेऊन तोरणमाळचा घाट किंवा चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढू नका, पिस्टन धरण्याची, म्हणजे तापून आत अडकण्याची, भीती असते. कार्बोरेटरच्या गाडीत मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक असलेला पार्ट) एक पायरी मोठा टाकून पुन्हा प्लग बघायचा. मिश्रणाच्या स्क्रूला हात लावण्याआधी तो पूर्ण आत फिरवून किती आटे बसले ते वहीत लिहा आणि तेवढाच बाहेर आणा. हा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर हवा सोडतो, इंजिनाच्या बाजूला असेल तर पेट्रोल. दोघांची दिशा उलटी, म्हणून ऐकीव सल्ल्याने फिरवू नका.

1 एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या बहुतेक इंजेक्शनच्या आहेत. त्यांच्यात जेट नाही. बेंडवरचा ऑक्सिजन सेन्सर धूर हुंगतो आणि कंट्रोल युनिट पेट्रोल कमी-जास्त करतं, पण ठरावीक मर्यादेतच. सायलेन्सर बदलताना सेन्सर काढून ठेवला किंवा त्याची वायर ताणली गेली तर मीटरमधला इंजिनाचा पिवळा दिवा पेटतो. अशा गाडीला माझा सल्ला एकच: मूळ सायलेन्सर परत चढवा, सेन्सर जागेवर बसवा, आणि दिवा विझतो का बघा.

एअर फिल्टरचा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर लावू नका, हे मी हात जोडून सांगतो. कपाशीच्या दिवसांत कच्च्या रस्त्यावरचा काळ्या मातीचा धुराळा पिठासारखा बारीक असतो. तो इंजिनात गेला की पिस्टनच्या रिंगा घासतात आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. ते दुखणं स्क्रू फिरवून बरं होत नाही, इंजिन खोलावं लागतं.

चाक, चेन, मागचा शॉकअप

रुंद टायर टाकला आणि मागून घासल्याचा आवाज येतो, तर गाडी रिकामी असताना बघून उपयोग नाही. दोघांना सीटवर बसवा आणि टायरपासून चेन, चिमटा (मागचं चाक धरणारा), मडगार्ड यांचं अंतर बघा. कुठेही बोट जात नसेल तर मूळ मापाचा टायर परत टाका. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधोमध फुगतो आणि वळणावर गाडी लचकते.

चेनस्प्रॉकेट बदलल्यावर चेनची ढील चिमट्यावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. मग माणूस बसवून चेन ताठ होत नाही ना तेही बघा, कारण शॉकअप उंच केला असेल तर उभ्या गाडीत बरोबर वाटणारी चेन बसल्यावर ताठ होते आणि गिअरबॉक्सची बेअरिंग खाते. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत चाक काढून बसवल्यावर एबीएसचा दिवा विझत नसेल तर सेन्सरच्या टोकाला चिकटलेली माती आणि दातेरी रिंग तपासा.

इंजिनापुढे लावलेला लेगगार्डचा पत्रा किंवा गोणपाट हवा अडवतो. उन्हाळ्यात इंजिन तापतं अशी तक्रार असेल तर ऑइल बदलण्याआधी तो काढून आठ दिवस चालवा.

किटल्यांचं कॅरिअर आणि वेल्डिंग

चेसीवर वेल्डिंग केल्यावर गाडी चालूच होत नाही, हे मी अनेकदा पाहिलं. वेल्डिंगचा करंट चेसीतून जातो आणि वाटेत रेग्युलेटर, सीडीआय किंवा कंट्रोल युनिटला धरतो. वेल्डिंगशिवाय इलाज नसेल तर बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि कंट्रोल युनिटचा कपलर सोडवा, आणि वेल्डिंगचं अर्थिंग कामाच्या जागेला अगदी खेटून लावा. पण खरं तर कॅरिअर नटबोल्टने, मूळ भोकांवर बसवा. चेसीचा पाइप वेल्डिंगच्या कडेला ठिसूळ होतो आणि किटल्यांच्या हेलकाव्यांनी तिथेच चिरतो. असं कॅरिअर आधीच असेल तर दर महिन्याला जोडाभोवतीचा रंग फडक्याने पुसून बघा. केसाएवढी गंजकी रेघ दिसली तर ती चीर आहे, त्या गाडीवर वजन लादू नका. भार मागच्या आसाच्या मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल थरथरतं. कोन सेट (हँडलच्या मानेतली बेअरिंग) बदलूनही थरथर जात नाही ती यामुळे. किटल्या पुढे आणि खाली घ्या.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीशी न जुळणारे बदल करता येत नाहीत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अपघात झाला तर विम्याचा दावाही यावरून अडू शकतो.

दुरुस्तीनंतर

आधी गल्लीत एक चक्कर, मग वीस-पंचवीस किलोमीटर. परत आल्यावर लगेच रिले, फ्यूजचा डबा आणि प्रत्येक नवा जोड बोटांनी चाचपा. इंजिनापासून लांब असूनही एखादा जोड गरम लागला तर तो पुन्हा करा. हँडल दोन्ही टोकांना फिरवा. हात लावलेला प्रत्येक बोल्ट गार झाल्यावर पुन्हा आवळा, आणि चारेकशे किलोमीटरनंतर आणखी एकदा. शेवटी वहीत तारीख, चारही व्होल्टेज आणि काय उलटवलं ते लिहा. पुढे कोणत्याही मिस्त्रीकडे गाडी न्याल, तेव्हा ती वही त्याच्या हातात द्या.